कबड्डीवाल्याचे खिळ्यांचे बूट

१. पैज

“काका, तुम्ही ते गोल्ड मेडल कधी चावून बघितलंत?”

हा प्रश्न मूळचा माझा नाही. माझ्या वर्गातल्या सोनाली आणि साईशने माझ्याशी पैज लावली होती. टीव्हीवर सगळे खेळाडू पदक दातांत धरून फोटो काढतात, तर आमच्या कोरगावच्या कृष्णनाथ गावस काकांनी धरलं होतं का? त्यांना हे विचारायची हिंमत कोणाची? माझी, अर्थात. तालुक्यात चारशे मीटरला पहिली आल्यापासून मी जमिनीवर चालतच नाही, असं आई म्हणते.

कोरगावात कोणालाही विचारा, कृष्णनाथ काका म्हणजे कबड्डी, आणि कबड्डी म्हणजे त्यांचं राष्ट्रीय सुवर्णपदक. शाळेच्या स्पर्धांना प्रमुख पाहुणे तेच. आता आमच्या हायस्कुलात गावातल्या खेळाडूंच्या वस्तूंसाठी काचेचं कपाट होणार होतं. उद्घाटन रविवारी. काकांकडून वस्तू आणायचं काम मुख्याध्यापकांनी आम्हा तिघांवर टाकलं होतं, म्हणून आम्ही त्यांच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या सोप्यात, लाकडी कदेलांवर, खुर्च्यांवर, बसून पाय हलवत होतो.

कोपऱ्यात प्रभावती काकी काजूची बोंडं घेऊन बसल्या होत्या. बोंड हातात घ्यायचं, बी पिरगाळायची, बोंड एका टोपलीत, बी दुसऱ्या. बोलतानाही हात थांबत नव्हते.

“तू चारशेंत धावतंस मां?” त्यांनी मला विचारलं. “पयल्या वळणार जीव राखून धाव. आणि शेवटच्या शंभरात मान मागे टाकू नको. मान गेली की पाय गेले.”

मी मान डोलावली. खेळाडूच्या घरातल्या बायकांनाही किती कळतं, असं तेव्हा वाटलं.

माझा प्रश्न ऐकून काका खदखदून हसले. “मेडल म्हणजे काय जत्रेतलां खाजां गो, चावूक? थांब, तूच चाव.”

जनेलावरच्या, म्हणजे खिडकीतल्या, डब्यातून त्यांनी किल्ली काढली. काकी टोपल्या तशाच सोडून चहा ठेवायला आत गेल्या. काकांनी कपाट उघडलं, निळी मखमली डबी काढली आणि माझ्यापुढे धरून झाकण उचललं.

डबीत काही नव्हतं.

२. विशालदादा

काकांचं हसू आधी डोळ्यांतून गेलं, मग तोंडावरून. त्यांनी डबी मिटली. खाली वाकून कपाटाच्या तळच्या फळीकडे बघितलं.

“बूटही नाय,” ते पुटपुटले.

“कसले बूट?” साईशने विचारलं.

“खिळ्यांचे. जुने.” एवढंच बोलून त्यांनी कपाट लावलं.

पण मला जे बघायचं ते मी बघून घेतलं होतं. वरच्या फळीवर काकांचे कबड्डीचे कप जागच्या जागी होते. त्यांतला एक तर हंड्याएवढा मोठा आणि चकचकीत. कुलूप फोडलेलं नव्हतं. चोराने किल्ली वापरली, कपाट उघडलं, एक पदक आणि बुटांचा एक जुना जोड उचलला, बाकी कशाला हात लावला नाही, आणि किल्ली परत डब्यात टाकली. इतका शिस्तीचा चोर मी ऐकला नव्हता.

तेवढ्यात काकांचा मुलगा विशालदादा अंगणात स्कूटर लावून वर आला. मोरजीला तो पर्यटकांना स्कूटर भाड्याने देतो. काका त्याला पाणी पिऊ देईनात.

“मेडल खंय?”

विशालदादाने आमच्याकडे बघितलं, मग काकांच्या हातातल्या डबीकडे. “माका काय म्हायत?”

“मोरजेक दुकानां आसत अशा वस्तूंची. तू थंयच असतंस दिसभर.” काकांचा आवाज चढला. “रयवारपर्यंत मेडल ह्या कपाटात आयलां नाय, तर मी पोलिसात जातलंय. मुलगो म्हणान सोडूचंय नाय.”

पोलीस ऐकून साईशचे हलणारे पाय थांबले. पण एक गोष्ट मला विचित्र वाटली. धमकी विशालदादाला होती आणि काका बघत होते स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे काकी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. 

वाटेत सोनाली म्हणाली, “विशालदादानेच विकलं असणार. तोंड बघितलंस त्याचं?”

“मग मोठा कप का नाही नेला?” मी म्हटलं.

“स्कूटरवर मावला नसेल,” साईश म्हणाला. त्याचं डोकं असंच चालतं.

मी रहस्यकथा खूप वाचते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आम्ही थेट संशयिताकडे. विशालदादा मोरजीच्या रस्त्याला माडाखाली स्कूटर पुसत बसला होता.

“तू घेतलंस?” मी सरळ विचारलं.

“घेतलंय असां समज.”

“समज म्हणजे?”

“म्हणजे समज. रयवारी पोलीस येवंदे, मी जातंय तेंच्यावांगडा.” त्याने फडका पिळला. काळं पाणी वाळूत गेलं. “तू एक कर, गौरवी. आवशीक काय इचारू नको.”

“काकींना का विचारेन मी?”

तो दुसऱ्या स्कूटरकडे वळला. न केलेला गुन्हा माणूस अंगावर कशाला घेतो? दुसऱ्या कोणाला वाचवायचं असेल तरच. पण कोणाला, हे मला तेव्हाही दिसलं नाही.

३. बाबलीचं दुकान

मोरजीत जुन्या वस्तूंचं दुकान बाबलीकाकांचं. पितळेच्या समया, फुटक्या रंगीत फरशा, चिनी मातीच्या बशा आणि मागच्या भिंतीवर खेळाडूंचं सामान. फुटबॉलच्या जर्सी, हॉकीची काठी, रिबिनीला लटकणारी पदकं. पर्यटक येतात, गळ्यात घालून फोटो काढतात, एखादा विकत घेतो.

“ही सगळी खरी?” सोनालीने विचारलं.

“खोटी कोण हाडतलो? खरी स्वस्तात मेळतत.” बाबलीकाका समईवरची धूळ फुंकत होते. “पयलो कप येता. मागीर मेडल. मागीर ब्लेझर. सगळे तेच सांगतत, घरात जागा नाय. फोटो तेवढे कोण हाडीना. फोटो कोण घेतलो?”

त्यांनी हे बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. त्या भिंतीवरच्या प्रत्येक पदकासाठी कधीतरी कोणीतरी पहाटे उठून धावलं असणार. मीही उठते. माझं तालुक्याचं पदक तेव्हा माझ्या पलंगाच्या खिळ्याला लटकत होतं.

आणि खालच्या फळीवर मला ते दिसले. चामड्याचे, सुरकुतलेले, तळाला गंजलेले खिळे.

“हे गावस काकांच्या कपाटातले ना?”

“दुकानात आयलेल्या वस्तूक घर नसता,” बाबलीकाका म्हणाले.

“आणि मेडल?”

“गेलां. एक गोरी बाय गळ्यात घालूनच गेली. विमान पण गेलां असतलां तिचां. कानातल्यांवर शोभता म्हणाली.”

“कोणी आणून दिलं होतं?”

“तां सांगलां तर उद्या माझ्या दुकानात कोण येतलो?”

मी तोवर चप्पल काढून उजवा बूट पायात घातला होता. तो मला बसला. अगदी बसला, टाचेला बोटभरही जागा नाही. कृष्णनाथ काकांचा पाय म्हणजे होडी. हे बूट काकांचे नव्हतेच.

मी एक पाऊल टाकलं. कुरकुर आवाज आला आणि अख्खा तळ सुटून खाली राहिला. खिळे जमिनीत, मी हवेत.

“मोडलंस,” बाबलीकाका म्हणाले. “आता तुझे ते.”

मी बूट उलटा केला तेव्हा त्याची जीभ बाहेर आली. तिच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याचे टाके होते. रंग अजून पक्का. अक्षरं वाचता येत होती. ‘सुशीला, मये.’

“मये म्हणजे आपलं डिचोलीकडचं?” साईश म्हणाला. “तळ्याचं?”

मी ऐकत नव्हते. माझं लक्ष गल्ल्याच्या वर गेलं होतं. तिथे एक फ्रेम होती, विक्रीची नसलेली. गोव्याचा कबड्डी संघ. बाबलीकाका तरुण, शेजारी कृष्णनाथ काका तरुण, सगळे मांडीवर हात ठेवून. आणि सगळ्यांचे पाय अनवाणी, घोट्यापर्यंत मातीने माखलेले.

मातीवर कबड्डी अनवाणीच खेळत. मग कबड्डीवाल्याच्या कपाटात खिळ्यांचे बूट काय करत होते?

“बाबलीकाका,” मी म्हटलं, “तुमच्या ह्या संघाला गोल्ड मेडल कुठल्या स्पर्धेत मिळालं?”

बाबलीकाकांनी समई खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे जाऊन शटरचा आकडा हातात घेतला.

“माका दुकान बंद करूचां आसा,” ते म्हणाले. बाहेर लख्ख दुपार होती.

४. आजीचा फोन

“लफडं,” सोनाली म्हणाली. “काकांचं मयेच्या सुशीलाशी काहीतरी होतं. तिची आठवण म्हणून त्यांनी बूट ठेवले.”

“आठवण म्हणून बूट?” साईश म्हणाला. “रुमाल ठेवतात गो.”

“ती धावपटू असेल. रुमाल कुठून आणणार?”

मला हसू येईना. सोनालीचं अर्धं मात्र बरोबर होतं. सुशीला धावत होती. खिळे, लहान पाय, आणि बुटांबरोबर गायब झालेलं पदक. चोराने तेवढ्या दोनच वस्तू का उचलल्या, तर त्या दोन्ही एकाच माणसाच्या होत्या. कबड्डीचं त्या कपाटातून काहीच गेलं नव्हतं. म्हणजे सुवर्णपदक सुशीलाचं. पण मयेची सुशीला कोरगावात येऊन जनेलावरच्या डब्यातली किल्ली कशी शोधणार?

संध्याकाळी मी ओट्यावर तो मोडका बूट मांडीवर घेऊन बसले होते. आईचा मोबाइल वाजला. डिचोलीची आजी.

“गौरवी? शीतल खंय गो? तिका दी.”

“आई, तुझा फोन,” मी ओरडले.

आतून बाबांचा आवाज आला, “भाग्यलक्ष्मी, तुझ्या आवशीचो फोन.”

आई हात पुसत आली, फोन घेतला, आणि मी तिच्याकडे बघतच राहिले. डिचोलीत माझी आई शीतल. कोरगावात भाग्यलक्ष्मी. एकाच बाईची दोन नावं मी जन्मापासून ऐकतेय. मला त्यात कधी काही दिसलंच नाही.

मागच्याच महिन्यात माझ्या चुलतभावाचं, अक्षयदादाचं, लग्न झालं. नवी वहिनी अंकिता म्हणून उंबऱ्याच्या आत आली आणि ताटातल्या तांदळात अंगठीने ‘प्राजक्ता’ लिहिलं गेलं. ते नाव मी सुचवलं होतं. घरात सगळ्यांना आवडलं. वहिनीला आवडलं का, ते कोणी विचारलं नाही.

मी बूट उलटा केला. सुशीला, मये. पयल्या वळणार जीव राखून धाव. मान गेली की पाय गेले.

कबड्डीत वळण नसतं. शेवटचे शंभर मीटर नसतात. ते काकांनी शिकवलेलं असूच शकत नव्हतं.

५. बलकांवात

शनिवारी मी एकटीच गेले. काकी बोंडांपाशी होत्या. काका मागे विहिरीवर.

“सुशीला,” मी म्हटलं.

बी पिरगाळणारा हात थांबला. 

“खंय मेळलां तुका ह्यां नाव?”

मी पिशवीतून बूट काढला. त्यांनी बोटं पदराला पुसली आणि टाक्यांवरून फिरवली.

“आवशीन घातलेले. शाळेच्या राष्ट्रीय स्पर्धेक सगळ्या मुलींचे बूट सारखेच. बदलतले म्हणान.” त्यांनी बूट मांडीवर ठेवला. बोंडांवर माश्या घोंगावत होत्या. “चारशे मीटर. पयली आयलंय. दोन वर्षांनी ह्या घरात आयलंय तेव्हा मेडल ट्रंकेत होतां, मागीर मी तां कपाटात ठेवलां. हय माझां नाव प्रभावती झालां. प्रभावतीक कोणी धावताना बघूक नाय.”

“मग ते काकांचं कसं झालं?”

“हे राष्ट्रीय खेळून आयले तेव्हा मंडळाचे पोर हेंचो सत्कार करूक आयले. तेंनी कपाटात जां चकचकता तां काढलां आणि हेंच्या गळ्यात घातलां. फोटो काढलो. मी दारात चाय घेवन उभी होतंय. पाव्हण्यांसमोर काय बोलतलंय? रातीक हे म्हणाले, पुढच्या वेळेक सांगतंय.”

“आणि पुढच्या वेळेला?”

काकी हसल्या. असं हसू मला पुन्हा कोणाच्या तोंडावर दिसू नये.

“इतकी वर्षां घरात तरी होतां. रोज दिसत होतां. शाळेत काचेत गेलां असतां की खाली हेंचां नाव पोरांनी वाचलां असतां. पोरांनी वाचलेलां खरां होता, गौरवी. म्हणान विकलां. विशालान स्कूटरवरसून नेलां माका. त्या बायन कोणाचां म्हणान घालूक नाय मेडल. तिका नुसतां आवडलां.”

मागे पावलं वाजली. काका ओल्या पायांनी दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. मी मात्र आता थांबणार नव्हते. 

“काका, तुम्ही पोलिसात जाणार नव्हता,” मी म्हटलं. “तळची फळी बघितलीत तेव्हाच तुम्हाला कळलं. पदक आणि बूट दोन्ही गेलेले बघून कोणालाही चोर शोधावा लागला असता, तुम्हाला नाही. तुम्ही विशालदादावर ओरडलात आणि काकींकडे बघितलंत. मुलाला वाचवायला त्या पदक आणून देतील, असं वाटलं तुम्हाला. ते विकलं गेलंय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

“विकलां?” काका म्हणाले. त्यांनी एवढंच धरलं. मग कदेल ओढून बसले. मोठे, रुंद पाय ओल्या फरशीवर. “आमचो संघ पयल्याच फेरीत हरून घरी आयलेलो,” ते कोणाकडेच न बघता म्हणाले. “दरवर्षी म्हणत होतंय, आता सांगूया. दरवर्षी कोण तरी हार घेवन उभो.”

“उद्या सांगा,” मी म्हटलं. “माइकवर. विशालदादाचं नाव नको आणि काकींचं खरं नाव सांगा. बस.”

काकांनी मान हलवली. “सांगतंय.”

मला इतका आनंद झाला की मी काकींचा हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि पुढचं बोंड उचललं.

“नाही सांगितलं तर मी सांगेन,” मी म्हटलं.

“सांग,” त्या म्हणाल्या. “सांगून बघ.”

६. रविवार

हायस्कुलाच्या पटांगणात मांडव. काचेच्या कपाटात काकांचे कप आले होते आणि मधोमध सुवर्णपदकासाठी ठोकलेला पितळी खिळा रिकामा. खाली पट्टी छापून तयार होती, काकांच्या नावाची. ती कोणी काढली नव्हती.

काका हार घालून माइकपुढे उभे राहिले. विशालदादा मांडवाच्या खांबाला टेकून होता. काकी बायकांच्या रांगेत, तपकिरी काठाच्या साडीत.

“हा खिळा रिकामा आहे, हे तुम्ही बघताय,” काका म्हणाले. भाषणात ते पुस्तकी मराठी बोलतात. “ते पदक...” ते थांबले. घसा साफ केला. लोक बघत होते. पहिल्या रांगेत कोणीतरी मोबाइल वर धरला. “ते पदक चोरीला गेलं. पण ज्याने नेलं त्याला मी माफ केलं आहे. माझी काही तक्रार नाही.”

आधी एक टाळी वाजली, मग सगळा मांडव. एक आजोबा डोळे पुसत होते. इतक्या टाळ्या काकांना पदकासाठीही कधी मिळाल्या नसतील. विशालदादाने खांब सोडला आणि तो मांडवाबाहेर निघून गेला.

मी उठले. सोनालीने फ्रॉकची बाही ओढली, तरी उठले.

“ते पदक सुशीलाचं आहे,” मी म्हटलं. आवाज फाटला, पण पोचला. “चारशे मीटरचं. मयेच्या सुशीलाचं.”

टाळ्या थांबल्या.

“कोण सुशीला?” मुख्याध्यापकांनी विचारलं. चिडून नव्हे, त्यांना खरंच माहीत नव्हतं. “आहेत का इथे?”

लोक माना वळवून मागे बघू लागले. बायकांच्या रांगाही वळल्या. मी काकींकडे बघत होते. आता उठतील, आता. शेजारच्या बाईने त्यांना कोपराने ढोसलं, “कोण गो ती?”

“म्हायत नाय,” काकी म्हणाल्या.

आणि सगळ्यांबरोबर त्याही मान वळवून मांडवाच्या रिकाम्या टोकाकडे बघू लागल्या, सुशीला कुठून येते ते बघायला.

साईशने मला खाली बसवलं. काकांनी गळ्यातला हार नीट केला. कार्यक्रम पुढे चालू झाला. भजी-पाव वाटले. पट्टी कपाटातच राहिली.

घरी आई बांगडे तळत होती आणि बाबा ताट घेऊन बसले होते. मी मोडका बूट जेवणाच्या मेजावर ठेवला, जीभ वर करून.

“ही काय घाण?” बाबा म्हणाले. “आणि मांडवात काय तमाशा तो? गावस माझ्याशी बोलतलो गो आता?”

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना दोनदा रडले. आईने मधेच गॅस बंद केला. बाबा बांगड्याचे काटे ताटाच्या कडेला लावत राहिले.

“झालां तां झालां,” शेवटी ते म्हणाले. “जेव आधी.”

“मी ठरवलंय,” मी म्हटलं.

“काय?”

“उद्यापासून मी अक्षयदादाच्या बायकोला अंकिता म्हणणार. तिला चालत असेल तर सगळ्यांसमोर. आणि माझं नाव तांदळात कोणी पुसायचं नाही. ज्या घरात गौरवी चालणार नाही, त्या घरात मी जाणार नाही. मग कुठेच नाही गेले तरी चालेल.”

“धा वर्षां आसत अजून त्येका,” बाबा म्हणाले.

 आईने बूट उचलला, नळाखाली धरला आणि अंगठ्याने लाल टाक्यांवरची माती काढू लागली.

“आई, ऐकलंस ना?” मी म्हटलं. “मी ठरवलंय.”